हाक कुठल्या नावानं आली

झुलेखाभाभींनी फोन माझ्या टेबलावर ठेवला,
काचेला दोन खवलं चिकटलेली.
"ही तुझी पावती. उघडत नाही गो.
आणि हा लोकलहोस्ट कोण? आपल्यातला म्हणावा, तर
बुरोंडीत असा माणूस मी तरी ऐकला नाही."

मी हसले. मग वाचलं, आणि हसू जिरलं.
लोकलहोस्ट, दार क्रमांक पाच हजार.
तीन दिवसांचे लिलाव, तीनशे बारा पावत्या,
चिपळूणच्या बर्फवाल्यापासून कोल्हापूरच्या व्यापाऱ्यापर्यंत
सगळ्यांना मी एकच पत्ता धाडला होता:
तुमच्याच घरी शोधा.

कारण त्या शब्दाचा अर्थ तेवढाच. मी, इथला.
जो वाचेल त्याच्याच उंबऱ्याशी तो नेतो,
भाभींच्या फोनला भाभींच्याच फोनात.
माझ्या टेबलावर मात्र दर वेळी उघडत होती पावती.
उघडणारच. मी घरात बसले होते.

सोसायटीच्या मागच्या खोलीत, फाटक्या जाळ्यांशेजारी
आमचा सर्व्हर. त्याला समुद्र दिसत नाही.
त्याच्यापुढे प्रॉक्सी, पेढीवरच्या दिवाणजीसारखा:
बाहेरची हाक घेतो, आत जाऊन आपल्या शब्दांत सांगतो,
उत्तर आणून देतो. इमानी आहे.
फक्त हाक कुठल्या नावानं आली, ते सांगायचं राहून जातं.
आतल्याला वाटतं, दिवाणजीच विचारतोय,
मग दिवाणजीला कळेल तसाच पत्ता तो देतो:
विहिरीमागचं घर.
विहीर कुठल्या गावात नसते?

बाबा आठवले.
आमच्या आळीत त्यांना कुणी बुरोंडकर म्हटलं नाही.
बुधाजी, खालच्या पाखाडीतला; एवढं पुरायचं.
माझगावच्या गोदीत फाटकावरच्या कारकुनानं विचारलं,
आडनाव? हे गप्प.
बरं, गाव? गाव मात्र लगेच सांगितलं,
आणि कारकुनानं गावाला कर लावला.
गाव सुटलं तेव्हा गावाचं नाव मिळालं.
घरात ते लागत नाही,
घरात बसून ते सुचतही नाही.

रात्री साडेनऊला वीज आली, तेव्हा बसले.
दिवाणजीच्या हातात चिठ्ठी दिली:
हाक आली ते नाव, दाराला कुलूप होतं की नव्हतं
(नाहीतर आतला उघड्या दाराचा पत्ता देतो
आणि ब्राउझर बोंब मारतो),
शिवाय लिलावाचं अंगण कुठून सुरू होतं, ते.
पहिल्या खेपेला अंगण दोनदा छापलं गेलं,
लिलाव, लिलाव,
शेवटची बोली पुकारल्यासारखं.
ते निस्तरायला अकरा वाजले.

मग आतल्याला बजावलं: चिठ्ठी वाच,
पण फक्त याच्या हातची.
बंदरावर कुणीही येऊन सांगेल, मी अमक्याकडून आलो,
आणि तू त्याच्या नावाचे पत्ते वाटत सुटशील.

जुन्या तीनशे बारांचं काही करता आलं नाही.
त्या कुणाकुणाच्या खिशात
खिशाचंच दार ठोठावत असतील.

सकाळी भाभींना नवी पाठवली.
त्यांनी ओली बोटं ओढणीला पुसली, दाबलं.
पान उघडलं. सुरमई, अकरा किलो चारशे.
कुठल्या खोलीतून आलं, कुणाच्या हातून,
त्यांनी विचारलं नाही. का विचारावं?
"अकरा चारशे?" त्या म्हणाल्या,
"साडेबारा होती. वजन कमी धरलंन मेल्यानं.
त्याचा पत्ता दे आधी."