एकवीस सेकंद

मला मोटारीतलं काही कळत नव्हतं,
म्हणूनच नेमलं.
वजनमाप कचेरीतला एकोणीस वर्षांचा कारकून,
मांडीवर वही, गळ्यात सरकारी घड्याळ,
आणि बॉनेटवर लाल लाखेची मोहोर:
इंजिन उघडायचं नाही. इंजिन थांबवायचं नाही.
रात्रीसुद्धा नाही.

बेहरामशा शेठनं विलायतेच्या कंपनीला शब्द दिला होता:
हजार मैल, ऐन मे महिन्यात, नागपुरात.
शिवनीच्या सहा खेपा, जाऊन येऊन,
तरी बावन्न मैल कमी पडत होते;
ते सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली गोल गोल फिरून
शेवटी भरून काढायचे ठरले.

कन्हानच्या पुलावर बैल उधळायचे,
गाडीवान आमच्या सात पिढ्यांची आठवण काढायचे.
मनसरला एका पोरानं विचारलं, हे खाते काय?
मी म्हणालो, पेट्रोल. तो म्हणाला, आन् हागते कोठी?
वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

रात्री हॅलिडेसाहेब डाकबंगल्यात झोपत.
आवारात इंजिन चालू, आणि त्याच्या उशाशी
पैकू हेडाऊ.
मूळचा तांडापेठेतला कोष्टी.
गिरणीत तीनशे मागांच्या खडखडाटात
कुठल्या मागावर धागा तुटला, हे सांगायचा, न बघता.
तेवढ्यावर शेठनं त्याला उचलून आणलं होतं.
तो इंजिनाकडे पाहत नसे.
डोळे मिटून, विडी न पेटवता, नुसता ओठांत धरून बसे,
तापलेल्या नळीवर ओलं फडकं बदलत.

चौथी रात्र. देवलापार.
हवा अशी की मोहाच्या झाडाचं पान हलेना.
पैकूची विडी खाली पडली.
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
मग इंजिन थांबलं.

एवढी शांतता मी आधी कधी पाहिली नव्हती.
पाहिली, असंच म्हणतो.

तो हँडलपाशी पोचला तेव्हा सहा सेकंद.
पहिल्याच फिरकीला हँडल उलटं आलं,
मनगटातून सुकी काटकी मोडल्याचा आवाज.
मग डावा हात. एकदा. दोनदा.
इंजिन खोकललं, लागलं.
घड्याळाचा काटा एकविसावर.

साहेब घोरत होते. जागे आम्ही दोघंच.
पेन्सिल माझ्या हातात, आणि मी त्याच्याकडे पाहतो आहे,
घाम नाकावरून वहीवर टपकतो आहे.
"लिवा जी बाबू," तो म्हणाला.
मनगट छातीशी धरून.
"न लिवाल तं याचं कोठी दुखते
थे पुढच्या इंजिनाले कसं समजन?"

लिहिलं.
विनाहुकूम थांबे: एक. सेकंद: एकवीस.

हजार मैल झाले. पदक मिळालं नाही.
शेठ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत,
त्याआधी तरी कुठे बोलत होते म्हणा.
सीताबर्डीच्या शेडमध्ये मोहोर फोडली,
सतरंजीवर पुर्जे मांडले, लग्नातल्या भांड्यांसारखे.
सिलिंडरची झीज मोजायचं माप विलायतेहून यायचं होतं.
पैकूनं गळपट्टीत करून बांधलेल्या हातानं
खिशातून टसरचा एक धागा काढला,
फटीत सरकवला.
"इतकीच," म्हणाला. "हजार मैलांत एक धागा."
आणि एका झडपेची स्प्रिंग बोटांनी दाबून
बाजूला ठेवली. "हे थकली."

पुढच्या वर्षी कंपनीचं पत्र आलं.
स्प्रिंगची तार जाड केली आहे. निरीक्षकाचे आभार.
निरीक्षक म्हणजे मी.
पत्र घेऊन सायकलनं तांडापेठेत गेलो.
तो घरच्या मागावर होता, खड्ड्यात पाय सोडून,
धोटा डाव्या हातानं फेकत, थोडा तिरका.
मी पत्र खिशातून काढतोय, तोच
वर न पाहता म्हणाला,
"साखळी सैल हाये जी तुमची.
मोमिनपुऱ्यापासून आयकून रायलो."