तुऱ्यांना टोप्या

चाल्कोत आमच्या परसाला विटांची भिंत,
भिंतीपलीकडे मिनीबसचा शेवटचा थांबा.
अलीकडे बारा बाय नऊ पावलं माती,
तीत सासूबाईंचा निळा मका,
आणि त्याच डब्यातून
त्यांनी न सांगता ठेवलेलं ते दुसरंही.

जूनभर दोघं सारखेच दिसतात.
इरेनेओ उकिडवा बसून बुंधे चाचपतो.
तांबूस, केसाळ लागला की म्हणतो, "हा."
आणि उपटत नाही.

तिओसिंते. सासूबाई नुसतं "थोरला" म्हणायच्या.
थोरला कसला, कणीस करंगळीएवढं,
सात-आठ दाणे, दगडी कवचातले,
हात लागायच्या आत मातीत उतरतात.
त्याला कुणी पेरावं लागत नाही.
मका मात्र आमचा मिंधा,
सोलल्याशिवाय सुटत नाही,
पेरल्याशिवाय उगवत नाही.

ऑगस्टात मी ब्रेडच्या कागदी पिशव्या जमवते,
स्टुलावर चढते,
थोरल्याच्या तुऱ्यांना टोप्या घालते.
सोयरीक नको.
रविवारी घेवडा भरून त्लाकोयो विकते मी,
गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग भाव.
इरेनेओ खालून स्टूल धरतो.
बोलत काहीच नाही.

तीन वर्षं लागली मला कळायला
की दरवर्षी एकच टोपी उडते,
आणि ती नेहमी भिंतीकडची असते,
जिथे माझा हात पोचत नाही
आणि त्याचा पोचतो.

यंदा निळ्यांच्या ओळीत एक धाट
सात फांद्यांचं उगवलं.
प्रत्येक बगलेत कणीस, चार ओळींचं, जेमतेम.
एक दाणा चावला तर दाढेचा टवका गेला.
"कुणावर गेलंय हे?" मी विचारलं.
तो पाना घेऊन नळ दुरुस्त करत राहिला,
गळत नसलेला नळ.

रात्री मी ती कणसं चुलीवर धरली.
धूर होईपर्यंतही दाणे उघडले नाहीत.
दोन जळली.
बाकीची
सासूबाईंच्या डब्यात, खालच्या थरात.

काल पुन्हा स्टुलावर होते.
मिनीबस वळली, धूळ उठली,
माझ्या शालीवर पिवळी भुकटी बसली.
भिंतीकडच्या तुऱ्याशी काठीने फांदी ओढून घेतली,
टोपी घातली, गाठ मारली.

"घट्ट मारलीस ना?" खालून आवाज आला.

स्टूल नीट धर, म्हटलं.