भित्तिपत्रकाचा सातवा अंक

मुंबईत शेतकीचं कॉलेज आहे म्हटलं
की रिक्षावाला आरशातून नीट बघून घेतो.
आहे ना. मोनोरेलच्या खांबांपलीकडे,
अकरा गुंठे प्रात्यक्षिक क्षेत्र,
बाराव्या गुंठ्यावर प्राचार्यांची गाडी.

बातम्या मी बुधवारीच लिहून ठेवल्या होत्या.
मेसच्या वरणात निघालेला भुंगा
कुणीतरी धुऊन, टाचणी लावून
कीटकशास्त्राच्या पेटीत जमा केला, दहापैकी आठ गुण.
कलमांच्या परीक्षेत ठेमसेचा चाकू बोटात गेला;
बोटाला आणि पेरूला एकाच गुंडाळीतली पट्टी.
भेंडीवर हळद्या.

पण गुरुवारी रात्री मृदा प्रयोगशाळेचा
चौथा नळ उघडा राहिला.

दिवाळीच्या सुट्टीतून प्रत्येकाने आणलेली
आपापल्या रानाची माती,
त्रेचाळीस कापडी पिशव्या,
आणि चिठ्ठ्यांवरची शाई सगळी मोरीत.

चोगलेमामांनी व्हरांड्यात रद्दी अंथरली,
त्रेचाळीस ढीग घातले.
कुलथे मॅडम म्हणाल्या, वाळू दे दोन दिवस.
मग ओळखा.

शनिवारी कुणी हसलं नाही.
नवापूरचा गावित डोळे मिटून
चिमूट नाकाशी न्यायचा. ही नाही.
ही पण नाही.
सातव्या ढिगापाशी तो नुसताच बसून राहिला.
टेकाळेची काळी भेगाळून पडली होती,
म्हणाला, जरा पाणी लावा, बघा कशी चिकटते,
सुटायचं नाव नाही, आमच्या थोरल्या मामासारखी.
कोचरेकरने हात ओढणीला पुसले
आणि ओढणीच सांगत सुटली, जांभा, जांभा.

एका ढिगावर पांढरं फूल चढलं होतं.
टेकाळेने बोट लावून जिभेवर ठेवलं आणि थुंकला.
"ही कुणाची रे? काय पिकतं ह्यात?"
"मीठ," हर्षाली केणी म्हणाली.
"वडाळ्याला. आजोबा पिकवायचे.
आता नुसतंच पडलंय, बगळे येतात."
कुणालाच पुढे काही सुचेना.
मामा म्हणाले, हिला चिठ्ठीची गरजच नव्हती.

मग ढीग कमी होत गेले, माणसं कमी होत गेली,
आणि उरला शेवटचा ढीग
आणि मी.

मी दिवाळीला गावी गेलोच नव्हतो.
घरी कुणाशी बोलायचं नव्हतं, एवढंच.
वसतिगृहात आठ दिवस पाव-अंडं खाल्लं
आणि शेवटच्या रात्री प्राचार्यांच्या दारातल्या
गुलाबाच्या वाफ्यातून पिशवी भरली.
वर सुवाच्य अक्षरात लिहिलं:
मौजे खैरखेडा, जिल्हा वाशीम, गट नंबर एकशे बारा.

ढिगात थर्माकोलचा एक दाणा होता.
मॅडम चष्मा पुसत जवळ येत होत्या.
हर्षालीने वाकून तो दोन बोटांत उचलला,
खिशात टाकला,
कोरी चिठ्ठी माझ्यापुढे धरली.
"घे. लिही तुझं गाव."
पेन चालायला थोडा वेळ लागला.

निकाल मंगळवारी लागला.
केणीची क्षारता यंत्राच्या काट्याबाहेर.
माझा सामू साडेसहा, सेंद्रिय कर्ब भरपूर.
"तुमच्याकडे जमिनीची निगा राखतात हो,"
मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
हर्षालीच असावी.

सातवा अंक उशिरा लागला. त्यात भुंगा आहे,
ठेमसेचं बोट आहे,
नळाची बातमी तीन ओळींत आहे,
आणि खाली चार बोटं कोरी जागा, जिचं कारण
विचारायला अजून कुणी आलेलं नाही.

रात्री गच्चीवर गेलो. माहुलकडे
रिफायनरीची ज्योत हलत होती.
बाबांना फोन लावला, चार महिन्यांनी.
म्हटलं, किलोभर माती पाठवाल का?
ते म्हणाले, कुठली? विहिरीकडची, का बाभळीखालची?
मला सांगता येईना.
मग पुस्तकातलं घडाघडा म्हणून दाखवलं:
नागमोडी चालायचं, आठ जागी खड्डे घ्यायचे,
बांध सोडायचा, उकिरडा सोडायचा,
सावली सोडायची, सगळं एकत्र करून चार भाग करायचे.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.
शेवटी म्हणाले,
म्हंजे सगळं रान फिरावं लागंन.
बरं. सकाळी जातो.