पूर्वानुभव

सिसिलीहून पत्र आलं: जुलैचे चार आठवडे,
शाळेच्या रिकाम्या वर्गात खाटा,
गुडघ्यांना पट्टे आणा, टोपी आणा,
धनुर्वाताची सुई टोचून घ्या,
चार इंची थापी आणा, एकसंध पात्याची, डाग दिलेली नको.
वयाची अट घालायला ते विसरले असावेत.
मी आठवण करून दिली नाही.

चौतीस वर्षं वोरूच्या दवाखान्यात
डॉक्टरांच्या हाती चिमटे दिले,
लोकांच्या उघड्या तोंडांवर दिवा धरला.
दाढ बघून वय सांगते मी,
भरड राय खाणारा कोण, साखर चघळणारा कोण, तेही.
माणूस दोन हजार वर्षांपूर्वीचा असला म्हणून काय झालं,
तोंड त्यालाही उघडावंच लागेल.

सुई टोचणारी मुलगी विशीतली.
"आजी, शेतावर काम करता?"
म्हटलं, "अजून नाही."

अर्जात रकाना होता: अडीअडचणीला कोणाला कळवावं.
केर्तूचा नंबर लिहिता लिहिता थांबले.
इथे ऊन अजून कुंपणावर, तिकडे पर्थमध्ये मध्यरात्र,
आणि ती फोन पालथा घालून झोपते.
एंडेलचा नंबर बोटांना अजून पाठ आहे.
रकाना तसाच ठेवला,
नवी थापी घेऊन मागच्या बागेत गेले.

बटाटे यंदा लावलेच नव्हते.
चार खुंट्या, सुतळी, मीटर बाय मीटर.
खणायचं नाही, खरवडायचं, पाच-पाच सेंटिमीटर,
असं पत्रात बजावलं होतं.
गुडघ्यांनी पट्ट्यांना जुमानलं नाही.
आधी मिळाला एक कोपेक.
त्याच्या वीतभर खाली क्रोन.
आणि सगळ्यात तळाशी, चकचकीत, युरोचा सेंट.
वही मांडीवर घेऊन बसून राहिले,
काळ असा डोक्यावर उभा कसा?
मग हसू फुटलं.
दर वसंतात एंडेल फावडं घेऊन
खालची माती वर करायचा, वरची खाली,
बटाट्यांपायी तीन चलनं ढवळली गड्याने.
वहीत लिहिलं: थर नाहीत. इथे माणसं जेवत होती.

फावड्याच्या पोहोचीखाली माती बदलली.
पिवळी वाळू, आणि तिच्यात
एका कोपऱ्याला लांबोडका, काळपट डाग.
शेजारची माईरे कुंपणावरून डोकावली,
म्हणाली, काहीच नाही गं तिथे.
पण कीड लागलेल्या दाढेची कड अशीच दिसते,
आधी रंग, मग भोक.
थापी आडवी फिरवली.
बटण वर आलं. चार भोकांचं, मोठं,
नायलॉनचा दोरा अजून त्यात.

एंडेलचा जाड कोट!
बसमध्ये राहिला म्हणाला होता,
आणि मी त्याला नाताळपर्यंत बोलत होते.
त्याच ऑक्टोबरात पोंटू गेला.
रानात पुरून आलो, म्हणाला.
बटाट्यांजवळ कुत्रं पुरायचं नाही,
हे मीच बजावलं होतं ना.

कितीक वर्षं आम्ही ते बटाटे खाल्ले,
चांगले व्हायचे.

पुढचे पाच सेंटिमीटर मी खरवडले नाहीत.
बटण होतं तिथेच राहू दिलं.
खडे वेचले, माती हाताने चुरली,
वर पसरली, तळव्यांनी दाबली,
पोंटूच्या पाठीवर थोपटायचे तेवढ्याच जोराने.

साडेदहाला उजेड होता अजून.
नखांतली माती तशीच घेऊन टेबलाशी बसले.
अडीअडचणीला: माईरे, शेजारीण.
डाव्या कानाने ऐकू येत नाही, जोरात बोलावं.
थापी पुसली, लोकरी मोज्यात गुंडाळली,
मोठ्या बॅगेत तळाशी घातली,
विमानात हाताशी चालत नाही म्हणे.

शेवटचा रकाना: उत्खननाचा पूर्वानुभव.
तिथे कधीच "नाही" लिहून टाकलं होतं.
ते खोडलं.
एक चौरस मीटर, लिहिलं.
तळापर्यंत गेले नाही.