खालचं कोर्ट

दिल्लीहून नेमणूक झाल्याची चिठ्ठी आली तेव्हा
बाई एका भाडेकरूची उलटतपासणी ऐकत होत्या.
काळोखे शिपाई चिठ्ठी ठेवून दारापाशी रेंगाळला.
त्यांनी वाचली, पेपरवेटखाली सरकवली,
म्हणाल्या, "हं, पुढे. मोरी सामाईक होती की नव्हती?"

मी लघुलेखक. शिवाजीनगरला एकोणीस वर्षं,
त्यातली सहा बाईंच्या उजव्या हाताला.
त्यांचा आवाज माझ्या वह्यांत आहे,
रेघा, आकड्या, टिंबं.
त्यांनासुद्धा तो वाचता यायचा नाही.
"सबब" म्हणण्याआधी त्या घोटभर पाणी प्यायच्या.
"सबब" म्हटलं की कुणाचं तरी काहीतरी जायचंच.

चौदा महिने फाइल वर पडून होती.
बार रूममध्ये चहाबरोबर तिचीच चौकशी:
अडली म्हणे, सुटली म्हणे, कुणी काहीबाही कळवलं म्हणे.
बाई रोज साठ जणांना पुढची तारीख द्यायच्या.
त्यांची स्वतःची तारीख कुणी पुकारत नव्हतं.

सत्काराला वक्ते सुटले.
खळदची मुलगी, वडील एसटीत कंडक्टर,
सासवड–स्वारगेट गाडीच्या बॉनेटवर बसून वकिलीचा अभ्यास...
बाईंनी मध्येच माईक ओढला.
"तिकीट काढायचे वडील माझं. स्वतःच्या खिशातून."
तेवढंच बोलून बसल्या. मंदाकिनी खळदकर,
शालीची घडी मोडू न देता.

खण आवरताना तळाशी एक निकाल सापडला,
घोडनदीचा, त्यांच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातला.
कुंभारणीची नदीपर्यंतची वाट.
गाढवं नेण्याइतकी, माती आणण्याइतकी.
बाई तेव्हा वैशाखात जाऊन पावलांनी वाट मोजून आल्या होत्या.
निकाल जिल्ह्यात टिकला, मुंबईत पडला.
वरच्या कोर्टाच्या नकलेत अडीच ओळी:
अपील मंजूर. खालचा हुकूम रद्दबातल. खर्चाबाबत आदेश नाही.

"नाव काय हो त्या बाईचं, तांबोळी?"
मी पहिलं पान काढलं. कोपरा वाळवीने खाल्लेला.
पुढे सगळीकडे नुसतंच "वादी".
"चूक माझी असेलही," त्या म्हणाल्या,
"कायदा त्यांचा बरोबर होता.
पण वाट मी चालले होते."
बाकीचे कागद खोक्यात गेले,
हा पर्समध्ये, चष्म्याच्या घराखाली.

शपथविधी आम्ही काळोखेच्या मोबाइलवर पाहिला,
बार रूमच्या खिडकीत, जिथे रेंज येते तिथे.
आवाज तुटत होता, चित्र अडकत होतं.
कुणी म्हणालं, आता खालच्या कोर्टाला बाई ओळखणार नाहीत.
कुणी पेढा पुढे केला.

कागद हातात धरून बाई थांबल्या.
सगळ्यांना वाटलं, नेट गेलं.
पण मागचा पडदा हलत होता.
त्यांनी उजवीकडे पाहिलं. तिथे ना पेला होता, ना मी.
माझा हात पेढा सोडून
खिशातल्या पेन्सिलीकडे गेला होता.