पुरवणी

गोवर्धनच्या केंद्रावर, रविवारी,
सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा बाकावर.
गुडघे फळीला टेकतात.

प्रश्न तिसरा: अध्ययन अक्षमतेची लक्षणे लिहा.
भ आणि म यांत गोंधळ. वाचताना ओळ सुटणे.
फळ्यावरचं उतरवून घेताना घाम.

लक्षणं कसली,
हा तर खंडू गांगुर्डे, चौथी ब, सातपूर.
त्याच्या वहीवर मी लाल शाईनं
एकच अक्षर लिहिलं होतं:
ढ.
सुबक. शिरोरेघ अगदी सरळ.

पास झाले तर वेगळी खोली मिळेल,
दारावर पाटी: विशेष शिक्षक.
वेतनश्रेणीचं नंतर बघू.

पर्यवेक्षक वाकून म्हणतात,
दहा गुणांना दीड पान पुरे, मॅडम.

मी आणखी एक पुरवणी मागते.
दोऱ्याची गाठ
काही केल्या बसत नाही.