टाका

गाडी लिफ्टवर चढली आणि तिचं पोट दिसलं.
राखाडी सेडान, सहा सिलिंडर, तीन डावीकडं, तीन उजवीकडं,
दोन्हींचा धूर आपापल्या नळीनं खाली येणारा,
आणि जिथं कॅटलिटिक कन्व्हर्टर असायला हवेत
तिथं सरळ पाइप. नुसता पाइप.

ओजस्विनी खैरनार खाली उभी, काखेत हेल्मेट.
दोन कॅट बसवायचे, म्हणाली. प्रत्येक बाजूला एक.
हाय-फ्लो. दोनशे सेलचे. पॉवर गेलेली चालणार नाही.
मी म्हटलं, अंबडमध्ये लोक काढायला येतात, ताई,
बसवायला तुम्ही पहिल्या.
ती म्हणाली, सिग्नलला माझ्या मागं स्कूटरवर माझीच बहीण असते.
मुंबई नाक्यापासून कॉलेज रोडपर्यंत.
घरी येते तेव्हा ओढणीला माझ्या गाडीचा वास.

सुफियाननं दिवा धरला.
मी जोडावर बोट फिरवलं, आणि बोट थांबलं.
प्रत्येक खवला मागच्यावर अर्धा चढलेला,
आणि शेवटी डावीकडं एक बारका आकडा,
जसा माझाच सुटतो, कारण माझं मनगट
लेथमध्ये सापडल्यापासून पूर्ण वळत नाही.

सहा वर्षं झाली. तेव्हा ही पांढरी होती.
देवळालीचा एक पोरगा घेऊन आला होता, मिशी नुकती फुटलेली.
आवाज पाहिजे, मिस्त्री,
मी निघालो की पाथर्डी फाट्याला कळलं पाहिजे.
मी ग्राइंडर लावला. वीस मिनिटं.
आतली जाळी उजेडाकडं धरून पाहिली होती मी,
हजारो खिडक्या, सगळ्या चौकोनी,
प्रत्येकीतून पलीकडचं चिमूटभर आभाळ.
भद्रकालीतल्या केवलचंदनं ती काट्यावर टाकली.
सोन्याच्या तोडीची धूळ असते म्हणे आत, पॅलॅडियम का काय.
नोटा पोराला नको होत्या. त्याला फक्त आवाज.
त्याच पैशांतून हे टिग मशीन आलं.

तेच आज चालू केलं.

पाइपची टोकं फॉइलनं बंद केली, आत आर्गॉन सोडला.
आतून हवा लागली तर टाका साखर धरतो,
वरून कितीही देखणा दिसो.
काच खाली. जगात तेवढाच हिरवा ठिपका.
पाय पेडलवर, श्वास रोखून, एक खवला, एक खवला.
निवल्यावर रंग आला: आधी गव्हाळ,
मग लासलगावच्या कांद्याची साल,
मग जांभळा, आणि जिथं मी रेंगाळलो तिथं निळा.
उजव्या बाजूला निळा जरा जास्तच.

सेन्सर दोन पुढं, दोन मागं,
आत काय गेलं, बाहेर काय आलं, ते सांगायला.
डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्यावर कुणीतरी काळी टेप चिकटवलेली.
ती खरवडली. स्कॅनरनं जुने कोड पुसले.
चावी फिरवली, दिवा लागला,
इंजिन उठलं, दिवा विझला.

कापलेला तुकडा बाकावर पडला होता.
तिनं उचलला, अंगठ्यानं टाका चाचपला.
ज्यानं केलंय त्याचा हात चांगला आहे, म्हणाली.
हो, मी म्हटलं.
सुफियान माझ्याकडं बघत होता.
आकडा त्यालाही ओळखू येतो, माझ्याच हाताखाली शिकलाय.

मजुरी विचारली. मी अर्धी सांगितली.
एवढीच?
गॅस आधीचा शिल्लक होता, म्हटलं.

गाडी निघाली. आम्ही दोघं शटरखाली उभे.
त्या पोराची गाडी पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत ऐकू गेली होती,
आणि नंतर कितीतरी रात्री, मी अंथरुणात पडलो की.
ही दुसऱ्या गिअरला गेली, तिसऱ्याला,
एक खालचा, भरलेला सूर,
मग गरवारे पॉइंटला एक टेम्पो आडवा आला
आणि ती कुठं गेली ते कळलं नाही.

तुकडा भंगारात टाकू का, सुफियाननं विचारलं.
नको, म्हटलं. असू दे बाकावर.